प्रीफेच पुसून कॉम्प्युटर पळत नाही

टिळकवाडी_टॉवर
'घरचा कॉम्प्युटर दहा मिनिटांत सुसाट' ही कालची पोस्ट वाचून गप्प बसणार होतो, पण ती बेळगावच्या शहापूरपासून संकेश्वरपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतेय. त्यातले उपाय चार : प्रीफेच फोल्डर रोज रिकामा करा, सिसमेन (नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी विंडोजची सर्व्हिस) बंद करा, रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदी साफ करणारा प्रोग्राम) चालवा, एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंगांत) प्रोसेसरचा आकडा ४ करा.

पहिला तर उलटाच आहे. प्रोग्राम उघडताना सुरुवातीच्या दहाएक सेकंदांत कुठल्या फायली लागल्या त्याची नोंद विंडोज प्रीफेचमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी त्या आधीच ओढून घेतं. विंडोज एक्सपीत अशा १२८ नोंदी राहायच्या, विंडोज ८ पासून १०२४. जागा भरली की जुन्या आपोआप जातात. तुम्ही रोज पुसा, प्रोग्राम रोज पहिल्या दिवसासारखा उघडेल. एमएसकॉन्फिगमधला आकडा वेग वाढवत नाही, मर्यादा घालतो. ती चौकट रिकामी असली की प्रोसेसरचे सगळे कोअर वापरात असतातच. आणि रजिस्ट्री क्लीनर टाकला असेल तर तो काढा, तेवढाच एक प्रोग्राम कमी.

आधी दोष कुठे आहे ते बघा की. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शटडाऊन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाऊन पुरतं होत नाही. डिस्क शांत झाली की वर्ड उघडा, बंद करा, लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा चटकन उघडला तर डिस्क हळू, कारण दुसऱ्या खेपेला फायली रॅममधून येतात. दोन्ही वेळा सारखाच रेंगाळला तर डिस्कला दोष देऊ नका. कंट्रोल दाबून ठेवून वर्डवर क्लिक करा, सेफ मोड विचारेल. त्यात पटकन उघडला तर दोष ॲड-इनचा, म्हणजे वर्डला जोडलेल्या जादा प्रोग्रामचा. नाही तर डिफॉल्ट प्रिंटर बघा. बंद पडलेल्या नेटवर्कवरचा प्रिंटर असला की वर्ड त्याची वाट बघत बसतो.

दहा_मिनिटवाला
ती पोस्ट माझी. सिसमेन थांबवलं की टास्क मॅनेजरमधली डिस्क १०० टक्क्यांवरून खाली येते, कुणीही बघावं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की तुमच्या एक्सपीच्या इतिहासावर?

टिळकवाडी_टॉवर
४ जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमची डिस्क असेल तर सिसमेन डिस्क अडवून धरतं, एवढं मान्य. पण १०० टक्के दिसताना वाचन सेकंदाला १–२ एमबीच असेल तर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. ०५ आणि सी५ या ओळींतला रॉ आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कवरचे सेक्टर खराब व्हायला लागलेत. तिथं सर्व्हिस बंद करून काय उपयोग? आधी फायली बाहेर काढा.

खानापूर_४जीबी
शेवटी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या म्हणणार, माहीत आहे. आणि पावसाळ्यात इकडे लाईट ये-जा करते त्याचं काय? एसएसडी मेली की डेटाही गेला.

टिळकवाडी_टॉवर
लाईट गेल्यावर हार्ड डिस्कची फाइल सिस्टमही बिघडते. यूपीएस दोन्हींना हवाच, बॅकअपही. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (दुसरी डिस्क बसवायची चौकट) बसते, ९.५ की १२.७ मिलिमीटर ते मोजून घ्या. एसएसडी मात्र मूळ डिस्कच्या जागी घाला आणि जुनी डिस्क कॅडीत. कॅडीची बाजू बऱ्याच मशिनांत मंद असते. रॅम वाढवणार असाल तर डीडीआर३एल (कमी व्होल्टची रॅम) आहे का बघा. १.३५ व्होल्टवाल्याला १.५ ची पट्टी चालेलच असं नाही.

निपाणीचा_पंखा
अन् पंखा कोण पुसणार? आमच्याकडं वखारीजवळच्या घरात तंबाखूची धूळ पंख्यात जाऊन बसती. प्रोसेसर तापला की आपला वेग आपणच कमी करतोय, मग एसएसडी घाला नाहीतर काय बी घाला. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा भाग) काढा, त्याखालची जुनी पेस्ट पुसा, नवी वाटाण्याएवढी लावा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा.

खडेबाजार_डीटीपी
सगळं झालं, फाँटांचं नाव कुणी काढेना! आपल्या भागात एकाच मशीनवर श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी, बरहा आणि वर कुठल्या तरी सीडीतले हजारभर फाँट. लग्नपत्रिका मराठीत, अर्ज कन्नडात. डिझाईनचं कोरल, वर्ड सुरू होताना फाँटांची यादी लावतात आणि तिथंच अडकतात. फाँट्स फोल्डरातले बिनकामाचे आधी डी ड्राइव्हवर कॉपी करा, मग काढा, रीस्टार्ट करा. सेगो यूआय, निर्मला यूआय यांना हात लावू नका. निर्मलात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. लग्नसराईचे फाँट लागतील तेव्हाच फाँट मॅनेजरमधून चालू करा.

अनगोळ_युनिकोड
सगळ्यात आधी नुडीचे जुने फाँट उडवा. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धत) असताना हे ओझं कशाला?

चिकोडी_झेरॉक्स
उडवा म्हणायला काय जातंय? कचेरीतनं आलेली फाइल जुन्या नुडीत असती. फाँट नसला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. गिऱ्हाईक दारात उभं असताना तुम्ही येणार काय वाचून द्यायला?

अनगोळ_युनिकोड
म्हणजे मराठीचे काढायचे, कन्नडचे ठेवायचे. वा! इथंही तेच.

चिकोडी_झेरॉक्स
मराठीचे काढा असं कोण म्हणालं ते दाखवा आधी. माझ्या दुकानात दोन्ही टाईप होतंय. उगा पेटवायला येऊ नका.

टिळकवाडी_टॉवर
अहो, धागा प्रोग्राम लवकर उघडण्याचा आहे. सीमाप्रश्न फाँट्स फोल्डरात सुटणार नाही.

खडेबाजार_डीटीपी
दोघंही थांबा. जुनी फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडात न्या, मूळ प्रत तशीच ठेवा. मराठीत रफार, 'ऱ्ह' आणि आकडे तपासा, कन्नडात ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं). तिथंच घोळ होतो. तपासून झालं की मगच फाँट काढा. तोपर्यंत झेरॉक्सवाल्यांचं बरोबर आहे.

अनगोळ_युनिकोड
बरं, दुकानवाल्यांना सूट. घरच्या मशीनवर नुडी कशाला, याचं उत्तर कुणी दिलंच नाही.

चिकोडी_झेरॉक्स
घरात पोरगं कन्नड शाळेत असतंय म्हणून! झालं समाधान?

अनगोळ_युनिकोड
पोराला निर्मला पुरतो. वरच लिहिलंय.

खानापूर_४जीबी
फाँट काढून बघितले. लिब्रेऑफिस (वर्डसारखं फुकटचं) पहिल्यापेक्षा बरं उघडतं, पण अजून रखडतं.

टिळकवाडी_टॉवर
टूल्स, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड. तिथली जावा वापरण्याची खूण काढा. डेटाबेस किंवा काही विझार्ड वापरत असाल तरच ती लागते. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, त्यात स्टार्टअपची यादी, म्हणजे आपोआप सुरू होणारे प्रोग्राम. तिथले अपडेटर आणि चॅटचे प्रोग्राम बंद करा, अँटीव्हायरस राहू द्या. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. आणि डाऊनलोड्स फोल्डर स्कॅनमधून वगळा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, व्हायरस तिथूनच येतो.

दहा_मिनिटवाला
प्रीफेचची ओळ पोस्टमधून काढली, एमएसकॉन्फिगचीही. सिसमेनची राहणार, '४ जीबी आणि हार्ड डिस्क असेल तर' एवढं जोडून. आता खूश?

टिळकवाडी_टॉवर
रजिस्ट्री क्लीनर राहिला.

दहा_मिनिटवाला
तोही काढतो हो, साहेब. शीर्षक तेवढं 'दहा मिनिटांत'च ठेवतो.