इंजिन बदललं याचं दुःख नाही, पण नंबर का ठोकता? (जुन्या मसल कार आणि 'मॅचिंग नंबर')

चिंचवडकर

गेल्या रविवारी इथे मिशिगनमध्येच, घरापासून तासाभरावर, शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस बघून आलो. ही मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी. बॉनेट उघडलं तर ४५४ घनइंचांचं मोठं इंजिन, नारिंगी रंग अगदी ताजा. मालकाचं म्हणणं असं की ही एलएस६, म्हणजे ४५० हॉर्सपॉवरवाली, आणि इंजिन 'मॅचिंग नंबर'. किंमतही त्याच हिशोबाने सांगितली होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेव्हरोलेच्या व्ही-८ ला पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या पुढ्यात, ब्लॉकवर (इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर) एक सपाट जागा असते. तिला पॅड म्हणतात. तिथे दोन नंबर ठोकलेले असतात. पहिला इंजिनाच्या कारखान्यातला: कारखान्याचं अक्षर, तारीख आणि शेवटी कोड. मोठी इंजिनं न्यूयॉर्क राज्यात टोनावांडाला व्हायची, म्हणून सुरुवातीला 'टी', आणि एलएस६ ला हाताचा गिअर असेल तर शेवटी 'सीआरव्ही'. दुसरा नंबर गाडी जोडणाऱ्या कारखान्यातला, म्हणजे गाडीच्या व्हीआयएनचा, आपल्या भाषेत चासी नंबरचा, तुकडा. तो डॅशबोर्डवरच्या नंबराशी जुळला की इंजिन त्या गाडीचंच, म्हणजे 'मॅचिंग नंबर'.

या गाडीच्या पॅडवर सगळं होतं. 'टी' होता, तारीख होती, सीआरव्ही होतं, गाडीचा नंबरही होता. पण बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच नावाच्या लांब दातेरी हत्याराने कापायचे. त्याच्या बारीक समांतर रेघा पॅडवर पुढून मागे गेलेल्या असतात आणि नखाला लागतात. इथे एकही रेघ नव्हती. मग गाडीखाली शिरलो. स्टार्टरजवळ ब्लॉकच्या कडेला ओतकामाची तारीख असते. ती ठोकलेली नसते, साच्यातूनच उठून आलेली असते, त्यामुळे तिच्याशी खेळणं अवघड. टॉर्च आणि आरसा धरून वाचली: 'ई १४ ०'. ई म्हणजे पाचवा महिना. १४ मे १९७०. आणि फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्यावरच्या) पत्र्याच्या पट्टीवर गाडीची तारीख होती '०३बी', म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा.

मार्चमधल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक!

माझं मत सरळ आहे. पंचावन्न वर्षांत इंजिन बदललं जातं, त्यात काहीच वावगं नाही. पण दुसऱ्या ब्लॉकवरचा नंबर घासून त्यावर आपल्या गाडीचा नंबर ठोकणं ही बनावट आहे. मग ती कितीही सुबक असो आणि तिला 'रिस्टोरेशन' म्हणा की आणखी काही. मूळ इंजिनाला जास्त किंमत मिळते ती योग्यच आहे, आणि म्हणूनच ही बनावट खपवून घेता कामा नये. तुम्हाला काय वाटतं?

रस्त्यावरचा

असहमत. तुम्ही बनावट करणाऱ्याला दोष देताय, पण त्याला जन्म कोणी दिला? नंबरवेड्या खरेदीदारांनीच ना? एका ठोकलेल्या नंबरासाठी कितीतरी जास्त पैसे मोजायला लोक तयार झाले म्हणून कोणीतरी पंच आणि हातोडी घेऊन बसला.

या गाड्या कशासाठी बनल्या होत्या? डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर पोरं सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावायची, त्यासाठी. शेव्हरोलेचीच १९६९ ची झेडएल-१ कॅमारो घ्या. ॲल्युमिनियमचं ४२७ इंजिन, एकूण ६९ गाड्या, नुसत्या इंजिनाचेच चार हजार डॉलरहून जास्त. असली गाडी माणूस भाजी आणायला घेत नाही. बऱ्याच जणी थेट ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर गेल्या. तिथे कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तर तो त्या गाडीच्या आयुष्याचाच भाग झाला. जी गाडी कधी जोरात पळलीच नाही, ती आज सगळ्यात 'अस्सल' ठरते. मला हे पटत नाही.

आणि अस्सलपणाचं म्हणाल तर १९७० च्या शेव्हेलवर 'एसएस ३९६' असा बिल्ला आहे. इंजिन मात्र तोवर बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून ३९६ चं ४०२ घनइंचांचं झालेलं होतं. बिल्ला बदलायची तसदी खुद्द कंपनीने घेतली नाही.

चिंचवडकर

@रस्त्यावरचा, ४०२ चा मुद्दा खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. कंपनीने चुकीचा बिल्ला लावला हे आज आपल्याला कळतं कशावरून? ब्लॉकवरच्या नंबरांवरूनच. तेच उद्या कोणी घासले तर एवढंही कळणार नाही.

शेव्हेलच्या बाबतीत हे जास्तच गंभीर आहे. त्या वर्षीच्या व्हीआयएनवरून गाडी मालिबू आहे आणि व्ही-८ आहे, एवढंच समजतं. एसएस हा पर्यायांचा संच होता, त्याची व्हीआयएनमध्ये खूण नाही. ३०७ इंजिनाची साधी मालिबू आणि एलएस६, दोघींचा नंबर एकाच ढंगाचा. क्रायस्लरचं तसं नाही. १९७० च्या प्लिमथ बाराकुडाच्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षर 'आर' असेल तर ती कारखान्यातून ४२६ हेमी हे मोठं इंजिन घेऊनच निघाली. इंजिन हरवलं तरी गाडीची ओळख शिल्लक राहते. पॉन्टिअकच्या आणि १९६७ पासूनच्या फोर्डच्या कारखान्यातल्या नोंदी आजही पैसे भरून मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हेलचं काय? पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली बिल्डशीट (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी) नशिबाने सापडली तर सापडली. नाहीतर साक्षीदार एकच, तो पॅड.

रानजाई

कॅलिफोर्नियातून. माझ्याकडे फोर्डची १९६६ ची मस्टँग आहे, २८९ घनइंचांच्या इंजिनाची. हा धागा वाचून एक सांगावंसं वाटलं: १९६६ च्या साध्या मस्टँगच्या जाहिरातीत 'मॅचिंग नंबर' लिहिलेलं दिसलं की लगेच प्रश्न विचारा. फोर्ड त्या वर्षी फक्त जास्त ताकदीच्या 'के' कोडच्या २८९ वर गाडीचा नंबर ठोकायची. बाकीच्या ब्लॉकवर तो नसायचाच, मग जुळणार काय? फार तर ओतकामाची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची आहे, एवढं म्हणता येतं. मला गाडी घेताना हे माहीत नव्हतं. दोन हजार डॉलर जास्त मोजले त्या दोन शब्दांसाठी.

जुनं लोखंड

मी न्यू जर्सीत जुन्या गाड्या पूर्ण उतरवून पुन्हा उभ्या करतो, अठरा वर्षं झाली. रिस्टॅम्पिंगचं, म्हणजे नंबर पुन्हा ठोकण्याचं नाव काढलं की लोक मला चोर समजतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही गाडीला कारखान्यात होता तोच रंग देतो. फायरवॉलवर तपासनिसाने खडूने मारलेली खूण असायची, तीसुद्धा तशीच मारतो. एअर क्लीनरवरचे स्टिकर, बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं, होजवरचे छाप, सगळं नव्याने बनवलेलं मिळतं आणि आम्ही लावतो. प्रदर्शनात परीक्षक त्याला गुण देतात. त्याला कोणी बनावट म्हणत नाही. मग त्या पॅडपुरताच सोवळेपणा का?

दुसरी गोष्ट. पंढरपूरच्या मूर्तीची झीज होते म्हणून तिला वज्रलेप करतात. लेप नवा असतो, म्हणून विठोबा दुसरा होतो का? माझ्या एका गिऱ्हाईकाची १९६९ ची गाडी आहे. पहिल्या मालकापासून सगळे कागद, ओतकामाचा नंबर बरोबर, तारीख बरोबर, ब्लॉक त्याच गाडीचा. १९८४ मध्ये इंजिन काम केलं तेव्हा मशीन शॉपवाल्याने ब्लॉकचा माथा सपाट करायला फेसिंग मारलं आणि त्यात पॅडवरचे नंबर गेले. तेव्हा या नंबरांना कोणी विचारत नव्हतं, कामाची ती रीतच होती. आता हा ब्लॉक खरा असून मुका झालाय. त्याचा स्वतःचाच नंबर त्याच्यावर पुन्हा ठोकला तर तुमच्या मते ती बनावट?

चिंचवडकर

@जुनं लोखंड, या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. तुमच्या गिऱ्हाईकाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. तरीही माझं उत्तर: नका ठोकू.

खडूची खूण, रंग, स्टिकर यांतून 'गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा अशी दिसत होती' एवढंच कळतं. ते चित्र आहे, आणि चित्र आहे हे बघणाऱ्यालाही माहीत असतं. नंबर वेगळी गोष्ट सांगतो. 'अमुक दिवशी, अमुक कारखान्यात, हाच ब्लॉक याच गाडीत बसला' अशी ती साक्ष आहे. जमीन तुमचीच असेल, पण सातबारा हरवला म्हणून घरी बसून नवा लिहून काढता येत नाही. जमीन खरी असली तरी तो कागद खोटाच राहतो.

वज्रलेप उघडपणे होतो, सगळ्यांना माहीत असतो. पॅडवर ठोकलेल्या नंबराशेजारी 'हा २०२५ साली ठोकला' असं कोण लिहितं? तुमच्या गिऱ्हाईकाच्या खऱ्या ब्लॉकवर तुम्ही ठोकलेला नंबर आणि मी परवा पाहिलेला खोटा नंबर, दोन्ही पॅड भिंगाखाली धरले तर सारखेच दिसतील. तुमचं प्रामाणिक काम त्याच्या लबाडीला आडोसा देतं.

जुनं लोखंड

आडोशाचा मुद्दा लागला. पण मग त्या माणसाचं नुकसान कोणी भरून द्यायचं? गाडी पूर्ण खरी असूनही बाजारात ती 'नॉन-मॅचिंग' म्हणून निम्म्यावर येते, आणि चूक कोणाची, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या फेसिंग मशीनची. तुम्ही ज्या साक्षीला एवढं मानता, ती साक्ष साध्या रीतीच्या कामात पुसली जाते. एवढ्या तकलादू खुणेवर गाडीचं सगळं मोल टांगायचं, हेच मला चुकीचं वाटतं. इथे मी @रस्त्यावरचा यांच्या बाजूने आहे.

जीपवाला सातारकर

मसल कारमधलं मला फारसं कळत नाही, पण एक विचारतो. अमेरिकेत आरसी बुकात इंजिन नंबर नसतो का? आमच्याकडे चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. गाडी नावावर करताना चासी नंबरावर कागद ठेवून वर पेन्सिल घासायची, छाप उतरवायचा आणि तो फॉर्मला लावायचा. इंजिन बदललं तर आरटीओत जाऊन नोंद करायची.

आमच्या घरच्या महिंद्रा जीपचं मूळ पेट्रोल इंजिन वडिलांनी काढून डिझेल बसवलं, कारण पेट्रोल परवडेना. तेव्हा साताऱ्यात ज्याच्या-त्याच्या जीपचं हेच झालं. आरसीत दुसरा नंबर चढला, शिक्का बसला, विषय संपला. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज गाडी म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. अशा गाडीला नंबर पाटीवर 'व्हीए' अक्षरं मिळतात. माझी जीप त्या व्याख्येत बसत नाही. वाईट वाटतं, पण इंजिनावर मूळ नंबर ठोकून आणावा असं कधी मनात आलं नाही. वडिलांनी केलेला बदल मी का लपवू?

चिंचवडकर

@जीपवाला सातारकर, इथे बहुतेक राज्यांत मालकीच्या कागदावर फक्त व्हीआयएन असतो. इंजिन बदललं तरी सरकारदरबारी काहीच हलत नाही. सगळं त्या पॅडवर येऊन थांबतं ते यामुळेच. आपल्या आरसीसारखी नोंद १९७० पासून असती तर हा धागा काढायची वेळच आली नसती. तुमचं शेवटचं वाक्य मी जपून ठेवणार आहे.

@जुनं लोखंड, नुकसान खरं आहे, नाकारत नाही. पण तुमच्या गिऱ्हाईकाकडे ओतकामाची तारीख आहे, पहिल्या मालकाचे कागद आहेत. मशीन शॉपचं जुनं बिल असेल तर तेही फाइलला लावा. कोऱ्या पॅडचे फोटो काढा आणि ग्राहकाला पहिल्याच भेटीत दाखवा. असं उघड सांगणाऱ्याला मी तरी निम्मी किंमत देणार नाही, बरीच जास्त देईन.

रस्त्यावरचा

त्या शेव्हेलचं काय केलंत शेवटी?

चिंचवडकर

नाही घेतली. मालकाला दोन्ही तारखा दाखवल्या. त्याचा चेहरा पडला. त्यानेही ती सहा वर्षांपूर्वी 'मॅचिंग' म्हणूनच घेतली होती आणि तेवढेच पैसे मोजले होते. मी म्हटलं, बदललेल्या इंजिनाची गाडी म्हणून विकत असाल तर मी आत्ता घेतो. तो विचार करतो म्हणाला. आठवड्याने जाहिरात पाहिली: फोटो तेच, मजकूर तोच, 'मॅचिंग नंबर' तसंच.

आता येत्या शनिवारी ओहायोला दुसरी बघायला जातोय, १९६९ ची. पॅडवर 'सीई' ठोकलेलं आहे, म्हणजे कंपनीनेच वॉरंटीत ब्लॉक बदलून दिलेला. तेव्हा पाच वर्षं किंवा पन्नास हजार मैलांची वॉरंटी असायची. पहिल्या मालकाने इंजिन फोडलं, कंपनीने नवीन दिलं, आणि डीलरची पावती अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे म्हणे.

रस्त्यावरचा

फोडलं म्हणजे चालवली होती तर. या गाडीवर आपलं एकमत होईल. मी टोलेडोला राहतो. चालेल का सोबत आलो तर?

चिंचवडकर

या की. आरसा आणि टॉर्च माझ्याकडे आहेत. पॅड पुसायला थिनर आणि मऊ फडकं तेवढं आणा, आणि पॉलिश पेपर चुकूनही नको.