‘कन्सिडरिंग’ चालतं, मग ‘वॉकिंग’ का अडतं?

प्रश्न : ‘कन्सिडरिंग हिज एज, द स्कोर इज गुड’ हे बरोबर धरतात आणि ‘वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम’ हे चूक. दोन्हीकडे सुरुवात आयएनजीने, दोन्हीकडे पुढचा कर्ता वेगळाच. मग?

– दुसऱ्या वाक्यातलं ‘वॉकिंग’ हे धातुसाधित (पार्टिसिपल, म्हणजे क्रियापदापासून बनलेला शब्द) आहे आणि इंग्रजीत ते मुख्य वाक्याच्या कर्त्याला चिकटतं. म्हणजे रस्त्याने चालत होता तो साप! मराठीत ‘रस्त्याने चालताना त्याला साप चावला’ हे अगदी शुद्ध आहे, म्हणून आपल्याला ही चूक खटकत नाही. ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग अलाँग द रोड’ असा कर्ता उघड लिहिला की प्रश्न मिटतो.

‘कन्सिडरिंग’ इथे शब्दयोगी अव्यय (प्रीपोझिशन) झालं आहे. मराठीतही हे घडलंय : ‘त्याचं वय पाहता’, ‘दोघे वगळता’, ‘तुला धरून पाच जण’. इथे कोण पाहतंय, कोण वगळतंय, असं कुणी विचारत नाही. इन्क्लूडिंग, रिगार्डिंग, कन्सर्निंग, गिव्हन ही त्याच वाटेवरची. ‘ड्यूरिंग’ तर पुरतं अव्यय झालं. त्याचा मूळ धातू वापरातून गेला.

पण ‘कन्सिडरिंग’ दिसलं की अव्यय, असं धरू नका. ‘कन्सिडरिंग द ऑफर, शी कॉल्ड हर लॉयर’ यात विचार करणारी ‘शी’च आहे, म्हणून ते धातुसाधित. प्रत्येक वेळी ‘ही क्रिया कोण करतंय?’ हे विचारून पाहावं.

प्रश्न : ‘टर्न ऑफ’मधलं ‘ऑफ’ क्रियापदाचा भाग की प्रीपोझिशन, हे ओळखायला अशी काही कसोटी?

– आहे, आणि चांगली पक्की आहे. ‘ही टर्न्ड ऑफ द लाइट’, ‘ही टर्न्ड ऑफ द हायवे’. कर्माच्या जागी ‘इट’ घाला. दिव्याचं ‘टर्न्ड इट ऑफ’ होतं, रस्त्याचं ‘टर्न्ड ऑफ इट’. ‘इट’ दोघांच्या मध्ये शिरलं तर ‘ऑफ’ क्रियापदाचा भाग, म्हणजे फ्रेझल व्हर्ब. नंतरच राहिलं तर प्रीपोझिशन. ताळा म्हणून मध्ये ‘सडन्ली’ घालून बघा : ‘टर्न्ड सडन्ली ऑफ द हायवे’ चालतं, दिव्याच्या वाक्यात चालत नाही.

मात्र अर्थावरून निवाडा करू नका. ‘लुक आफ्टर’चा अर्थ शब्दशः नाही, तरी ‘लुक आफ्टर हिम’च म्हणावं लागतं. ‘पुट अप विथ’मध्ये शेवटचं ‘विथ’ प्रीपोझिशन, त्यामुळे कर्म कायम त्याच्यानंतर.

– एक पुरवणी, कारण परीक्षेत इथे गुण जातात : ‘टू’. पुढे आयएनजीचं रूप घ्यायचं की मूळ धातू, हे ठरवायला त्याच्यापुढे नाम ठेवून पाहा. ‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज’ जुळतं, म्हणजे ‘टू’ प्रीपोझिशन. म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली’. ‘आय हॅव टू द नॉइज’ जुळत नाही, म्हणून ‘आय हॅव टू वेक अर्ली’. ‘लुक फॉरवर्ड टू’ आणि ‘ऑब्जेक्ट टू’ पहिल्या गटात, त्यामुळे पत्राच्या शेवटी ‘टू मीट यू’ नाही, ‘टू मीटिंग यू’ लिहायचं.