मदत हवी आहे: टीव्हीवरच्या प्रमाणाने मोदक तडकतात

कार्यक्रमात सांगितलेलं प्रमाण: १ वाटी पिठी, १ वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पिठी आंबेमोहोराची, दादरहून आणलेली, ताजी. मंद आचेवर २ मिनिटं वाफ देऊन उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळली. पाकळ्या सुरेख येतात, पण १० मिनिटं वाफवल्यावर नेमकी पाकळीच्या खाचेत चीर पडते आणि गूळ झिरपतो. पाणी सव्वा वाटी केलं तर पारी चिकटते, मोदक बसतो. सारण घट्ट आटवलेलं आहे. वाफवण्याआधी मोदक पाण्यात बुडवूनही पाहिले, फरक नाही. मळायला मिक्सर वापरायचा नाही. पडद्यावर मळणं नेहमी कापतात, आणि खरी गोम तिथेच! उकड नेमकी किती मिनिटं मळायची, आणि मळणं न कापता कोणत्या शेफने दाखवलंय?