वणवा : पसरताना पाहिलेला, अडवताना अनुभवलेला

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळून सोनेरी होते आणि रात्री दूरच्या डोंगरावर आगीची माळ दिसू लागते. महाराष्ट्राचा वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानतो. वणवा लागला एवढी बातमी आपल्यापर्यंत येते. तो कोणत्या अंगाने पसरला, कुठे अडला आणि कोणी अडवला, हे मात्र ज्यांनी पाहिले त्यांच्यापाशीच राहते. तेच येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

सातारा, डोंगरभटकंती करणारा

आम्ही सहा जण माथ्यावरून उतरत असताना खालच्या गवताळ टप्प्यावर धूर दिसला. आमचा पहिला विचार परत वर पळण्याचा होता आणि तोच सर्वांत घातक ठरला असता. आग चढावर झपाट्याने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात आणि पोहोचण्याआधीच त्या गवताला वाळवून तापवतात. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात आगीत सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला, ही गोष्ट त्यानंतर कितीतरी रात्री माझ्या डोक्यातून गेली नाही.

सुदैवाने वनरक्षक आणि गावातील काही माणसे कडेच्या धारेवरून येताना दिसली. त्यांनी आम्हांला आडवे चालत जळून गेलेल्या भागात नेले. जे जळून गेले ते पुन्हा पेटत नाही, त्यामुळे काळी जमीन हीच सुरक्षित जमीन, हे त्या दिवशी कळले. नंतर आम्हीही हिरव्या डहाळ्या हातात घेतल्या. डहाळी उंच उगारून आपटली की ठिणग्या उडतात आणि मागे नवी आग लागते. ती ज्वाळेवर दाबून जळालेल्या बाजूकडे ओढायची असते. आगीच्या तोंडाशी कोणी गेले नाही. शेपटीकडून सुरुवात करून दोन्ही कुशी आवळत नेल्या, आणि अंधार पडल्यावर हवेत गारवा व दमटपणा आला तेव्हा तोंडाकडची आग आपोआप मंदावली. पाण्याचा एक थेंबही वापरला नव्हता.

गडचिरोली, निवृत्त वनरक्षक

आमच्याकडे वणव्याचे काम जानेवारीतच सुरू होते. जंगलाच्या कक्षांच्या कडेने ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून तेथील गवत आणि पाला आपणच, वारा पडलेला असताना, जाळून टाकतो. हीच जाळरेषा. ती वेळेत झाली नाही तर एप्रिलमध्ये कितीही माणसे उभी केली तरी उपयोग होत नाही.

आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते, पण तिच्यामागचे कारण समजून घ्यावे. मोहफुले पहाटे गळतात आणि पाल्यात हरवतात, म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. गुन्हा दाखल करून हे थांबत नाही, हे माझे अनेक वर्षांचे मत आहे. झाडाखाली जाळी अंथरली की पाला जाळण्याची गरजच उरत नाही, आणि तेंदूची झुडपे छाटली तरी पालवी चांगली येते.

आता उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर येतो. त्याचा फायदा मोठा आहे. तरीही उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो, आणि दोन फेऱ्यांच्या मधे लागलेली गवताची आग तोवर एक टेकडी ओलांडून गेलेली असते. अशा वेळी टेहळणीला बसलेला अंगारमजूरच आधी धूर पाहतो.

रत्नागिरी, बागायतदार

दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि सड्यावरचे गवत पेटत आमच्या काजूंपर्यंत आले. कलमे त्या दिवशी हिरवीच दिसत होती, त्यामुळे आम्ही वाचलो असे समजलो. परंतु बुंध्याची साल आतून भाजली होती आणि महिन्याभरात एकेक झाड वाळत गेले. चौदा वर्षांची कलमे होती. आता शिमग्याआधी बागेभोवतीचे गवत कापून पट्टा मोकळा करतो.

सत्तरी, गोवा

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती. आमच्या उतारावर मात्र आग पाल्याखालून सरपटत होती. वरून पडलेले बरेचसे पाणी झाडांच्या शेंड्यांवरच अडे, आणि शेवटी पाला ओढून मातीपर्यंत चर काढणाऱ्या माणसांनीच ती रोखली.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज गावाजवळ लागलेल्या ‘कॅम्प फायर’मध्ये ८५ माणसे मृत्युमुखी पडली. आम्ही पुष्कळ दूर होतो, तरी धुरामुळे मुलांच्या शाळा बंद राहिल्या. रोज सकाळी आग किती टक्के आटोक्यात आली हे वाचत असू. निम्मी आटोक्यात म्हणजे निम्मी विझली, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो आकडा आगीच्या परिघापैकी किती भागावर भक्कम रेषा पडली आहे, एवढेच सांगतो. आत सारे धगधगत असू शकते. वारा ठिणग्या रेषेपलीकडे फेकत होता, त्यामुळे रेषा आखूनही भरवसा नव्हता. पाऊस आल्यावर, २५ नोव्हेंबरला, ती पूर्ण आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. गडचिरोलीच्या काकांना विचारावेसे वाटते, आपल्याकडे आग संपली हे कसे ठरवतात?

गडचिरोली, निवृत्त वनरक्षक

ताई, कडेने चालत जावे लागते. प्रत्येक बुंध्याजवळ आणि पडलेल्या ओंडक्याजवळ उपडा हात धरून ऊब पाहतो, कारण तळव्यापेक्षा हाताची मागची बाजू ऊब लवकर ओळखते. एकदा तिसऱ्या दिवशी, रेषेपासून चार पावलांवर, मोहाच्या एका पोकळ खुंटात मला ऊब लागली. आम्ही तो फोडला तर आत निखारे होते. माती भरून तो गार होईपर्यंत दोघे जण रात्रभर तेथेच बसलो.