बोटीनं महासागर ओलांडण्यात खरंच काही आहे का?

क्षितिजवेडा:
एकदा तरी मालवाहू जहाजानं महासागर ओलांडायचा, हे खूळ बरीच वर्षं डोक्यात आहे. दोन-तीन आठवडे नुसतं पाणी. घरचे म्हणतात, चौथ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटशील. ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा, हे सगळं किनाऱ्यावरूनच छान दिसतं का?

पाय_जमिनीवर:
मालवाहू नाही, साधी क्रूझ केली. स्वस्तात मिळाली म्हणून अगदी पुढच्या टोकाची केबिन घेतली आणि बोट लागली. दोन दिवस मी आणि बादली. तिसऱ्या दिवशी डेकवर गेलो तर समुद्र इतका साळसूद, की मला माझाच राग आला.

बारा_ते_चार:
केबिन मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथं हेलकावा कमी. आणि पोट ढवळायला लागलं की क्षितिजाकडे बघत राहायचं, पुस्तकात डोकं घालायचं नाही.

आता मूळ प्रश्न. चौदा वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, बराच काळ सेकंड ऑफिसर. म्हणजे बारा ते चारचा वॉच (पहाऱ्याची पाळी), दुपारचा आणि मध्यरात्रीचा. कंटाळा येतो, हे आधीच सांगून टाकतो. शांतताही नसते. इंजिन चोवीस तास चालू, ते कानांपेक्षा तळपायांना जास्त कळतं. इतकं, की ते मधेच थांबलं तर गाढ झोपलेला माणूस दचकून उठतो.

वीस नॉट्सनं गेलात तर दिवसाला 480 सागरी मैल, सुमारे 890 किलोमीटर. विमान हे तासाभरात कापतं. पण पश्चिमेला निघालात की दोनेक दिवसांनी एकदा घड्याळ तासभर मागं घ्यायचं, आणि तो दिवस पंचवीस तासांचा. जेट लॅग नाही. (पूर्वेला जाताना तोच तास झोपेतून कापला जातो, ते कुणी सांगत नाही.)

रात्री ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, दिवे बंद असतात. नवा माणूस वर आला तरी डोळे अंधाराला सरावेपर्यंत वॉच त्याच्या हाती देत नाहीत. अमावास्येच्या आसपासची एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. जहाजाच्या नाकाशी पाणी फाटत होतं तिथं निळा-हिरवा उजेड. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले की चमकतात, तो. त्यात डॉल्फिन घुसले. डॉल्फिन दिसेनातच, दिसत होत्या त्यांच्या पोहण्याच्या उजळ रेघा, एकमेकींना छेदत जाणाऱ्या. मी रडार सोडून हललो नाही, पण मान तिकडेच होती.

एक अडचण मात्र आहे. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते नियमानं प्रवासी जहाज ठरतं, त्यामुळे मालवाहू जहाजावर जागा पहिल्यापासूनच मोजक्या. 2020 नंतर तर बऱ्याच कंपन्यांनी प्रवासी घेणंच थांबवलं. आधी चौकशी करा, मग घरच्यांशी भांडा.

क्षितिजवेडा:
आणि तो चौथा दिवस?

बारा_ते_चार:
चौथ्या दिवशी तुम्ही दुसरं जहाज शोधत असाल. पाण्यापासून तीस मीटरवर उभं राहिलं तर क्षितिज वीसेक किलोमीटरवर असतं. आधी त्या जहाजाचा फक्त वरचा भाग उगवतो, खालचं अंग बऱ्याच वेळानं. तासाभरात ते निघूनही जाईल. रात्री जेवताना तुम्ही सगळ्यांना त्याचंच सांगत बसाल, आणि त्यांनीही ते पाहिलेलं असेल.