उत्तर: 3 वर्षांत 10 लाख?
28 हजार पगारात 3 वर्षांत घराच्या डाउन पेमेंटचे 10 लाख जमवायचे म्हणतोस, पण भागून बघ रे: महिन्याला जवळपास 27,800. मग जेवायचं काय, गोदाकाठची हवा?

नाशिकला सातपूरमध्ये नोकरी लागली तेव्हा मीही वहीत असंच लिहिलं होतं. दिवाळीच्या तोंडावर गाडीचं इंजिन गेलं, आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) मोडली. म्हणून आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढला. आता पोस्टाची 5 वर्षांची आरडी, महिना 8 हजार; मुद्दलच 4 लाख 80 हजार होतं. गंगापूर रोडलाच घर घ्यायचा हट्ट सोडला, पाथर्डी फाटा बघतोय. पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निधी खात्यात) हे पैसे टाकू नकोस, मुदत 15 वर्षांची, मधे थोडेच काढता येतात. आणि स्टॅम्प ड्युटी (घर घेताना सरकारला भरायचं मुद्रांक शुल्क) वेगळी धर, ती सगळे विसरतात.