मदत हवी आहे: एआर-१५ चं पूर्ण कॉन्फिगरेशन, शनिवारच्या आत ठरवायचंय

रानपाखरू
अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी पहिली रायफल घेतोय. एआर-१५ हे पक्कं, त्यावर वाद नको. अडलंय ते पुढे, बॅरल १६ इंच की साडेचौदा, वर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) की १ ते ६ झूमचा स्कोप, ट्विस्ट म्हणजे बॅरलमधला पीळ १:७ (७ इंचात एक फेरा) की १:९, तीन आठवडे व्हिडिओ बघतोय, जो तो वेगळंच सांगतो, डोक्याचा पार भुगा झालाय. प्लीज सरळ यादी द्या, शनिवारी ऑर्डर टाकायचीय.

जुना_नेमबाज
राज्य कुठलं? व्हिसावर आहात की ग्रीन कार्डवर? एच-१बी असेल तर हंटिंग लायसन्ससारखे अपवाद सोडून फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. कॅलिफोर्नियात असाल तर मॅगझिन १० राउंडचं आणि पिस्तूल ग्रिपवरूनही कटकट. हे आधी सांगा, बॅरलचं मग बघू.

रानपाखरू
ग्रीन कार्ड. टेक्सास. आता सांगा.

धडाका
मग १६ इंच, मिड-लेंथ गॅस (रायफल चालवणारी गॅसची नळी मध्यम लांबीची), विषय संपला. साडेचौदा घेतली तर बॅरलच्या टोकावरचं मझल डिव्हाइस पिन मारून, वेल्ड करून कायमचं बसवून एकूण १६ इंच भरावे लागतात, नाहीतर १९३४ च्या एनएफए या फेडरल बंदूक कायद्यात ती शॉर्ट बॅरल रायफल ठरते, रजिस्ट्रेशन आलं. माझं ऐकशील तर ५.५६ हे एआरचं नेहमीचं काडतूस सोड आणि .३०० ब्लॅकआउट हे जाड गोळीचं घे, घरात तेच भारी.

जुना_नेमबाज
पहिल्याच रायफलीला ब्लॅकआउट कशाला? ती काडतुसं त्याच मॅगझिनमध्ये बसतात. उद्या घरात दोन्ही आली आणि चुकून ५.५६ च्या बॅरलमध्ये ब्लॅकआउट गेलं तर रायफल फुटते. नवख्या माणसाला असलं सांगू नका.

धडाका
मॅगझिनला रंगीत पट्टी लावली की झालं, मी सहा वर्षं दोन्ही वापरतोय.

शब्दवेडा
एआर म्हणजे असॉल्ट रायफल नाही बरं का, आर्मालाइट रायफल. कंपनीचं नाव. मूळ डिझाइन युजीन स्टोनरचं.

मृण्मयी
त्यांनी ते विचारलंच नाहीये. रानपाखरू, घरात कोण कोण आहे? ड्रायवॉलमधून, म्हणजे इथल्या जिप्सम बोर्डच्या भिंतीतून, कुठलीही गोळी आरपार जाते, मुलांची खोली कुठल्या भिंतीपलीकडे आहे ते आधी बघा. आणि तुमच्या यादीत लाइटच नाही! आमच्याकडे रात्री दोनला स्वयंपाकघरात खुडबुड झाली, नवरा टॉर्च घेऊन गेला, बघतो तर भाचा अंधारात फ्रिज उघडून उभा. रायफलीवर लाइट लावाच, पण हातातला टॉर्च वेगळा ठेवा, कोण आहे ते बघायला कुणावर बंदूक रोखायची नाही.

रानपाखरू
दोन मुली, ४ आणि ९, त्यांची खोली जिन्यासमोर. बघतो. पण रेड डॉटचं कोणी बोलतच नाहीये. मित्राचा बघितला रेंजवर, ठिपका फुटलेला, शेपूट असल्यासारखा दिसत होता. तोच पीस खराब होता का?

जुना_नेमबाज
चष्मा आहे का तुम्हाला? अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल, म्हणजे डोळ्याच्या आकारातला दोष. फोनच्या कॅमेऱ्यातून ठिपक्याचा फोटो काढा, फोटोत गोल आला तर दोष डोळ्याचा. मग प्रिझम साइट बघा, त्यात खूण काचेवर कोरलेली असते, बॅटरी संपली तरी दिसते. आणि घरातल्या अंतरावर गोळी खुणेच्या दोन-अडीच इंच खाली लागते, साइट बॅरलच्या तेवढी वर असते म्हणून. हे रेंजवर स्वतः करून बघा.

धडाका
ट्विस्ट १:८ घे, ५५ पासून ७७ ग्रेन वजनापर्यंतच्या सगळ्या गोळ्या चालतात. आणि चेंबर (काडतूस बसतं तो भाग) ५.५६ चंच, .२२३ हे त्याच मापाचं कमी दाबाचं काडतूस त्यात चालतं, पण .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ नाही.

रानपाखरू
फोटो काढला. फोनमध्ये अगदी गोल, मला तिथेच फुटलेला. चष्म्याचा नंबर काढून दोन वर्षं झाली, आधी तो तपासतो. शनिवारची ऑर्डर थांबवलीय. १६ इंच, १:८, लाइट, टू-पॉइंट स्लिंग (रायफलीला दोन ठिकाणी अडकणारा खांद्याचा पट्टा) एवढं ठरलं, प्रिझम डोळे तपासल्यावर. बायकोचं म्हणणं आहे की भिंतीला बोल्ट केलेली सेफ बसल्याशिवाय रायफल घरात येणार नाही, आणि मला ते पटलंय. मोठी मुलगी माझा फोनचा पासकोड बघून बघून शिकली. सेफला बटणांचं लॉक घेऊ की फिंगरप्रिंटचं? ओल्या बोटाने उघडतं का ते?

मृण्मयी
आमचं भांडी घासून आल्यावर दोनदा नाही उघडलं. बटणांचं घ्या, आणि आकडे दाबताना पाठ करा तिच्याकडे.